चित्रातून आगामी डिस्क ओळखताना या चुका टाळा

अमेरिकेतील ‘क्रायटेरियन कलेक्शन’ ही कंपनी १९८४ पासून जगभरातील निवडक चित्रपट घरी पाहण्यासाठी प्रसिद्ध करीत आली आहे. सुरुवात लेझरडिस्कने (डीव्हीडीपूर्वीच्या मोठ्या तबकडीने) झाली, १९९८ पासून डीव्हीडी, २००८ पासून ब्ल्यू-रे आणि २०२१ पासून त्याहून स्पष्ट चित्राच्या फोर-के डिस्क निघू लागल्या. या कंपनीच्या पत्रकात एक छोटेसे, काहीसे वेडगळ रेखाचित्र असते आणि त्यात आगामी चित्रपटाचे नाव दडवलेले असते; नववर्षाच्या आरंभी येणाऱ्या मोठ्या चित्रात तर वर्षभराच्या अशा खुणांची एकत्र गर्दी असते. बरीच वर्षे ही चित्रे न्यूयॉर्कचे चित्रकार जेसन पोलन काढीत असत. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले, पण प्रथा थांबली नाही. मुंबईतही फिल्म सोसायटीच्या खेळांना नेमाने जाणारे आणि घरात डिस्कचे कपाट बाळगणारे अनेक रसिक ही कोडी हिरीरीने सोडवतात. त्यांच्या चुकलेल्या तर्कांकडे पाहिले तर असे दिसते की चित्र अवघड होते म्हणून चूक झाली असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा चित्र पाहण्यापूर्वीच उत्तर ठरलेले असते.

मनातला चित्रपट चित्रात शोधणे

ही सर्व चुकांची जननी आहे. एखाद्या रसिकाला वर्षानुवर्षे एकाच चित्रपटाची आस लागलेली असते. मग चित्रात छत्री दिसली की त्या चित्रपटातील पावसाचा प्रसंग आठवतो, कुत्रा दिसला की नायकाच्या दारातला कुत्रा आठवतो, आणि शेजारी काढलेली शिडी व तिच्यावरचा मासा मात्र सोयीस्करपणे नजरेआड होतो. रेखाचित्रात जागा थोडी असते आणि चित्रकार विनाकारण मासा काढीत नाही. म्हणून पहिली कसोटी अशी ठेवावी की चित्रातील प्रत्येक ठळक वस्तूचा हिशेब लागला पाहिजे. तीनपैकी दोन वस्तू जुळल्या तर त्याला उत्तर म्हणू नये, ती फार तर शंका. याउलट रेषेचा जाडपणा, सावलीची दिशा किंवा कोपऱ्यातील शाईचा ठिपका यांतून अर्थ काढणेही व्यर्थ आहे. हाताने काढलेल्या चित्रात असे ठिपके पडतातच.

आपला तर्क उत्तर जाहीर होण्यापूर्वी, तारखेसह, लिहून ठेवण्याची सवय लावावी. ‘मला वाटलेच होते’ असे नंतर म्हणणाऱ्यांची संख्या प्रत्येक घोषणेनंतर अचानक वाढते, हे या छंदातील सर्वांना ठाऊक आहे.

कोडे आपल्या भाषेत वाचणे

मुंबईकर रसिकाची खरी अडचण येथे आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. आपण चित्र पाहतो तेव्हा मनात मराठी, हिंदी आणि इंग्रजी नावे एकदमच उमटतात. बंगाली चित्रपटांची तर मूळ नावेच आपल्या तोंडी बसलेली असतात. कोडे रचणारा मात्र डिस्कच्या वेष्टनावर जे इंग्रजी नाव छापले जाणार आहे त्याच्याशी खेळत असतो. नळ, घर आणि मधोमध गाणारा माणूस असे चित्र आले असे समजा. आपल्यापैकी एखादा ‘जल’ आणि ‘घर’ जोडून तत्काळ ‘जलसाघर’ म्हणेल आणि स्वतःवर खूश होईल. परंतु सत्यजित राय यांचा तो चित्रपट या संग्रहात ‘द म्युझिक रूम’ या नावाने आला, तोही २०११ मध्येच. त्या नावात नळाला कुठेच जागा नाही. ‘महानगर’ तेथे ‘द बिग सिटी’ आहे आणि ऋत्विक घटकांचा ‘मेघे ढाका तारा’ हा ‘द क्लाउड-कॅप्ड स्टार’ आहे. यांतील शेवटचे नाव तर चित्रकोड्यासाठीच घडवल्यासारखे आहे: डोक्यावर ढगाची टोपी घातलेली चांदणी काढली की काम झाले. मात्र हा नियम सरसकट लावता येत नाही, कारण ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि ‘अपूर संसार’ ही नावे तेथेही जशीच्या तशी राहिली आहेत. तेव्हा संभाव्य चित्रपट मनात आला की तो तिकडे कोणत्या नावाने ओळखला जातो हे आधी तपासावे आणि मगच चित्राशी ताडून पाहावे.

याच चुकीचे धाकटे भावंड म्हणजे चित्राचा केवळ अर्थ पाहणे आणि उच्चार न ऐकणे. या कोड्यांतील विनोद अनेकदा कानाचा असतो. समजा डोळा, किल्ली आणि कांगारू एका ओळीत काढले आहेत. अर्थाच्या वाटेने गेलात तर पहारेकरी, तुरुंग, ऑस्ट्रेलिया असे भटकत राहाल. पण तीच नावे इंग्रजीत मोठ्याने उच्चारली, म्हणजे ‘आय’, ‘की’ आणि लाडाचे ‘रू’, तर अकिरा कुरोसावांचा ‘इकिरू’ समोर येतो. हे उदाहरण माझे आहे, पत्रकातले नव्हे, पण रीत हीच. तर्क अडला की पुढीलप्रमाणे प्रयत्न करावा: प्रत्येक वस्तूला इंग्रजीत आणखी कोणती नावे आहेत ती लिहावीत, एकवचनाचे अनेकवचन करून पाहावे, क्रम उलटवावा, वस्तू किती आहेत ते मोजावे आणि सर्व पर्याय लोकलमध्ये शेजारच्या प्रवाशाला चमत्कारिक वाटणार नाही इतपत आवाजात उच्चारून पाहावेत. तरीही जमले नाही तर चित्रात नावाऐवजी एखादा गाजलेला प्रसंग किंवा दिग्दर्शकाचे आडनाव असू शकते, हेही ध्यानात घ्यावे. डंब शराड खेळलेल्यांना हे तंत्र लवकर साधते.

‘तो तर आधीच आला आहे’ आणि ‘तो कधीच येणार नाही’

ही दोन्ही वाक्ये ठामपणे उच्चारली जातात आणि दोन्ही वारंवार खोटी ठरतात. संग्रहातील प्रत्येक चित्रपटाला स्पाइन नंबर, म्हणजे वेष्टनाच्या कडेवर छापलेला अनुक्रमांक, असतो. तो मिळाला म्हणजे चित्रपट यादीतून कायमचा बाद झाला, असा अनेकांचा समज आहे. ‘सेव्हन सामुराई’ या चित्रपटाचा क्रमांक २ आहे, तरीही २०२४ मध्ये तो फोर-केमध्ये नव्याने आला. ‘सिटिझन केन’ हे अधिक बोलके उदाहरण आहे: १९८४ मधील पहिल्या लेझरडिस्कपैकी एक तीच होती आणि २०२१ मध्ये फोर-केचा आरंभही तिनेच झाला. चित्रातील खूण जुन्या चित्रपटाच्या नव्या आवृत्तीकडे बोट दाखवीत असेल, ही शक्यता पहिल्याच झटक्यात फेटाळू नये.

दुसऱ्या वाक्याचा संबंध हक्कांशी आहे. क्रायटेरियन बहुतेक चित्रपट मूळ मालकांकडून ठरावीक मुदतीच्या परवान्यावर घेते आणि ती मुदत संपते. फ्रेंच दिग्दर्शक रेन्वारच्या ‘ग्रँड इल्यूजन’चा स्पाइन नंबर १ असूनही ती डिस्क छापणे बंद झाले, कुरोसावांच्या ‘रान’ची ब्ल्यू-रे तर जाहीर होऊन रद्द झाली. यावरून हक्क तपासल्याशिवाय तर्क करू नये हा धडा योग्यच आहे, पण त्यातून ‘अमुक स्टुडिओ कधीच देणार नाही’ असा निष्कर्ष काढणे हा अतिरेक होय. पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा चित्रपट या संग्रहात येईल असे म्हणणाऱ्याला एके काळी हसले गेले असते. २०२२ मध्ये ‘वॉल-ई’ आला. नेटफ्लिक्सवरचा चित्रपट डिस्कवर कशाला येईल, असे म्हटले जात असतानाच २०२० मध्ये ‘रोमा’ आला. हक्कांची माहिती तर्काला वजन देते. त्याला कुलूप लावण्यासाठी ती वापरू नये.

चित्राबाहेरच्या खुणा न पाहणे

रेखाचित्र ही एकमेव खूण नसते, किंबहुना ती सर्वांत कच्ची खूण असते. जेनस फिल्म्स ही १९५६ मध्ये स्थापन झालेली वितरण संस्था क्रायटेरियनची सख्खी भगिनी आहे. तिने एखाद्या चित्रपटाची नवी प्रत चित्रपटगृहांत आणली तर डिस्कची शक्यता बरीच वाढते. राय यांच्या ‘अरण्येर दिन रात्रि’ची पुनर्संस्कारित प्रत २०२५ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा त्या कामात मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनबरोबर जेनस आणि क्रायटेरियन यांचीही नावे होती. अशी श्रेयनामावली दहा रेखाचित्रांपेक्षा मोलाची असते. मात्र नामावली नीट वाचावी. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने संस्कारित केलेला प्रत्येक चित्रपट क्रायटेरियनकडेच जाईल असे मुळीच नाही. दूध सहकाराच्या विषयावरील ‘मंथन’ची नवी प्रत २०२४ मध्ये कानला गेली म्हणून त्यानंतरच्या प्रत्येक चित्रात दुधाचा कॅन पाहण्याचे कारण नव्हते.

वेळेचीही गल्लत होते. नवीन डिस्कची यादी साधारणपणे महिन्याच्या मध्यावर आणि तीन महिने आधी जाहीर होते. ऑगस्टच्या मध्यावर नोव्हेंबरच्या डिस्क कळतात. चित्र पाहून पुढच्याच यादीत ते नाव नाही म्हणून तर्क सोडून देणे घाईचे आहे. नववर्षाच्या चित्राच्या बाबतीत तर डिसेंबरपर्यंत धीर धरावा लागतो. तसेच चित्रपट कंपनीच्या स्ट्रीमिंग वाहिनीवर आला याचा अर्थ डिस्क येणार असा होत नाही. ती वाहिनी २०१९ मध्ये अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांसाठी सुरू झाली आणि तिच्यावरील पुष्कळ चित्रपट संग्रहात नाहीत.

तर्क बरोबर ठरला, डिस्क मात्र चालेना

तर्क खरा ठरल्याच्या आनंदात लगेच मागणी नोंदवणाऱ्यांसाठी ही शेवटची सूचना. ब्ल्यू-रेचे जगाचे तीन विभाग आहेत: अमेरिका ए मध्ये, ब्रिटन बी मध्ये आणि भारत सी मध्ये येतो. क्रायटेरियनच्या अमेरिकी ब्ल्यू-रे ए विभागापुरत्या आणि ब्रिटिश आवृत्त्या बी विभागापुरत्या बांधलेल्या असतात. म्हणजे भारतासाठी बनलेल्या साध्या प्लेअरवर या दोन्हींपैकी एकही चालणार नाही. फोर-के डिस्कला विभागाचे बंधन नसते, त्यामुळे मूळ चित्रपट दिसतो; परंतु मुलाखती आणि माहितीपट बहुधा सोबतच्या ब्ल्यू-रेवर असतात आणि तेथे गाडी पुन्हा अडते. म्हणून प्लेअर घेताना, तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घ्या किंवा अन्यत्र, दुकानदाराच्या ‘सब चलेगा’वर विसंबू नये. तो डीव्हीडीसाठी आणि ब्ल्यू-रेसाठी असा दोन्हींसाठी विभागमुक्त आहे का, हे स्वतंत्रपणे विचारावे, कारण अनेक प्लेअर केवळ डीव्हीडीपुरते मोकळे असतात आणि विक्रेता तेवढ्यावरच ‘ऑल रीजन’ म्हणतो. शक्य असेल तर ए विभागाची एक डिस्क सोबत नेऊन दुकानातच लावून पाहावी आणि डिस्क परदेशातून मागवताना तिच्या किमतीत टपालखर्च व सीमाशुल्क मिळवूनच हिशेब करावा.