बीएसडब्ल्यूच्या (समाजकार्य पदवीच्या) मुलांच्या संशोधन प्रकल्पाचे मार्गदर्शक होणार असाल तर

नमुना निवड, प्रश्नावली, संमतिपत्र हे सगळं तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही. माझी झोप उडवली ती सही घेऊन झाल्यावरच्या भानगडीने.

आमच्या गटाचा विषय गृह आधार. गोवा सरकारची 2012 पासूनची योजना, गृहिणीला आता महिन्याला 1500 रुपये, नवरा-बायकोचं मिळून वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत हवं. मुली डिचोलीतल्या एका वाड्यावर गेल्या, अंगणवाडीच्या बाईंनी बायका जमवून दिल्या, काम झटपट उरकलं. पाणी मुरलं ते तिथेच. गळ्यात ओळखपत्र, हातात छापील कागद, नाव-पत्ता-उत्पन्न आणि शेवटी सही. एका बाईने निघताना विचारलं, "बाय, पयशे केन्ना मेळटले?" (पैसे कधी मिळणार?) उत्पन्नाचा रकाना बघितला तर एकजात सगळ्या 3 लाखांच्या आत. दारात स्वतःचा ट्रक उभा असलेलं घरसुद्धा!

बायका खोटं बोलल्या असं मुलींना म्हणू देऊ नका. अंगणवाडी आणि गृह आधार, दोन्ही महिला व बाल विकास खात्याकडेच. मग हे सरकारी काम आहे असं त्यांना वाटलं, यात त्यांचं काय चुकलं?

म्हणून पहिल्या फेरीला कागद नकोच. अंगणवाडीत नाही, घरी बसून बोलायचं, कोकणीतून. आम्ही कॉलेजची मुलं, आमच्यामुळे पैसे सुरूही होणार नाहीत, बंदही होणार नाहीत, हे सांगायचं. मग तिलाच विचारायचं, आम्ही कशाला आलोय ते सांग बघू. "फॉर्म भरायला" असं उत्तर आलं, तर सही असली तरी ती संमती नव्हे. प्रश्न तिथेच थांबवा.

व्हॉट्सॲपवर गूगल फॉर्म फिरवणं हे माझ्या लेखी क्षेत्रकार्य नाहीच. चॅटजीपीटीने थापलेल्या मुलाखती तर लगेच कळतात, वाड्यावरची आजी 'सक्षमीकरण' म्हणत नाही. आणि विषयापासून निष्कर्षापर्यंत सगळं स्वतःच लिहून देणारे मार्गदर्शक... जाऊ दे.

घाबरू नका मात्र. तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून कुणी मोठा शोध मागत नाही. मोजक्या पण खऱ्या मुलाखती पुरतात. उत्पन्नाचे आकडे का वापरले नाहीत, हे आमच्या मुलींनी अहवालाच्या 'मर्यादा' या भागात सरळ लिहिलं, कुणाचे गुण गेले नाहीत.

घरभेटी तेवढ्या फेब्रुवारीच्या आत आटपा. पुढे काजूचा हंगाम, शिगमो (शिमगा), बायका घरी सापडायच्या नाहीत.