चार नोडवर चाललं, चाळीसवर कोसळलं : टेस्टबेडवर प्रयोग मोठा करताना या चुका टाळा

तालुक्याच्या गावातल्या इंजिनीअरिंग कॉलेजात नेटवर्किंगच्या प्रोजेक्टसाठी पाच-सहा चांगली मशीन एका वेळी मोकळी मिळाली तरी खूप. म्हणून सामायिक टेस्टबेडचं, म्हणजे प्रयोगासाठी दुरून वापरता येणाऱ्या मशीनच्या साठ्याचं, महत्त्व आपल्याकडे मोठ्या शहरातल्या संस्थांपेक्षा जास्त आहे. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठाचं एम्युलॅब, २०१४ साली सुरू झालेलं आणि यूटा, विस्कॉन्सिन व क्लेमसन इथे मशीन असलेलं क्लाउडलॅब, फ्रान्समधलं सेन्सरसाठीचं फिट आयओटी-लॅब, ही त्याची उदाहरणं. मार्गदर्शक प्राध्यापकांनी प्रोजेक्ट उघडून घेतला आणि मुलांना त्यात जोडलं, की पुसदच्या किंवा मेहकरच्या खोलीत बसून खरीखुरी चाळीस मशीन हाताळता येतात. ही संधी वाया जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. आणि ती वाया जाते ती बहुतेक वेळा एकाच टप्प्यावर. "सर, चार नोडवर तं बरोबर चालत होतं," असं मुलं सांगतात तो हा टप्पा. (नोड म्हणजे प्रयोगातलं एक मशीन.)

चार नोडमध्ये जोड्या होतात सहा. चाळीस नोडमध्ये ७८०. नोड दहापट झाले, पण प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलायचं म्हटलं तर संवाद १३० पट झाला. त्यामुळे लहान प्रयोगात ज्यांच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं, त्या ठरीव मर्यादा एकेक करून आडव्या येतात. त्यातली बरीचशी दुखणी तुमच्या अल्गोरिदमची नसतात. म्हणून मोठा प्रयोग करताना आधी टेस्टबेड मोजायचा, मग आपली कल्पना.

ट्रॅफिक भलत्याच रस्त्याने जाणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

एम्युलॅब किंवा क्लाउडलॅबच्या प्रत्येक मशीनला किमान दोन वाटा असतात. एक कंट्रोल नेटवर्क, ज्यावरून तुम्ही एसएसएचने (दुरून लॉगिन करायच्या सोयीने) आत शिरता. दुसरं तुमचं प्रयोगाचं नेटवर्क, ज्यावर तुम्ही बँडविड्थ आणि विलंब ठरवून दिलेला असतो. नोडचं छोटं नाव वापरलं, म्हणजे नुसतं 'नोड-१', तर तिथल्या होस्ट्स फाइलमुळे ते प्रयोगाच्या नेटवर्कचा पत्ता देतं. पूर्ण डोमेनसह लांब नाव वापरलं तर ते कंट्रोल नेटवर्कचा पत्ता देतं. मुलं काय करतात, तर पोर्टलच्या यादीतून लांब नावं उचलून कॉन्फिग फाइलमध्ये टाकतात. प्रयोग चालतो, एररही येत नाही. फक्त सगळा ट्रॅफिक कंट्रोल नेटवर्कवरून धावत असतो.

चार नोडवर हे कळतसुद्धा नाही. चाळीस नोडवर दोन गोष्टी होतात. तुमचे आकडे दर वेळी वेगळे येतात, कारण त्या वाटेवर जगभरातल्या इतर संशोधकांचंही येणं-जाणं चालू असतं. आणि त्यांचं काम तुमच्यामुळे अडखळतं. डिफॉल्ट रूटही कंट्रोल नेटवर्ककडेच असतो, त्यामुळे एखादा सबनेट (नेटवर्कचा एक तुकडा) तुमच्या रूटिंग टेबलमधून सुटला तर त्याचे पॅकेट गुपचूप तिकडेच वळतात.

तपासायला मिनिट पुरतं. लिंकवर ५० मिलिसेकंदांचा विलंब लावला असेल तर साध्या पिंगमध्ये तो दिसलाच पाहिजे. पिंग अर्ध्या मिलिसेकंदात परत आला, तर पॅकेट तुमच्या लिंकवरून गेलंच नाही. 'आयपी रूट गेट' ही आज्ञा समोरच्या पत्त्यासह दिली की कुठल्या इंटरफेसने बाहेर पडतंय तेही कळतं. ही तपासणी एका जोडीवर करून भागत नाही. छोटी स्क्रिप्ट लिहा आणि प्रत्येक जोडीवर चालवा, तेही प्रयोगाच्या आधी.

विलंबाची रांग छोटी राहणं

लिंकवर विलंब लावायला लिनक्समध्ये नेटेम वापरतात. त्याची रांग मुळात १,००० पॅकेटची असते. आता हिशेब करा. १०० मेगाबिटची लिंक आणि १०० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे वाटेत एका वेळी साधारण १२.५ लाख बाइट. पॅकेट १,५०० बाइटचं धरलं तर ८३३ पॅकेट. रांगेत मावतात, सगळं सुरळीत दिसतं. तीच लिंक १ गिगाबिटची केली की वाटेत सुमारे ८,३०० पॅकेट असावे लागतात. रांग तर हजाराचीच! उरलेली पॅकेट टाकून दिली जातात, टीसीपीला वाटतं कोंडी झाली, आणि अहवालात लिहिलं जातं की 'प्रस्तावित पद्धत जास्त बँडविड्थवर नीट चालत नाही'. पद्धतीचा इथे काहीच दोष नाही. नेटेमची लिमिट वाढवा, आणि 'टीसी' (नेटेम ज्या आज्ञेने लावतात ती) च्या आकडेवारीत ड्रॉप किती झाले ते प्रत्येक फेरीनंतर नोंदवा.

याच्याशीच जोडलेली आणखी एक गोष्ट. एम्युलॅबमध्ये लिंकला विलंब किंवा मर्यादा दिली की तो विलंब पाळायला मध्ये वेगळं मशीन बसवलं जाऊ शकतं, त्याला डिले नोड म्हणतात. तुम्ही मागितले वीस नोड, पण लिंकच्या संख्येनुसार प्रत्यक्षात त्याहून बरेच लागतात, आणि 'पुरेशी मशीन नाहीत' असं उत्तर येतं. मग मुलं नोड कमी करत बसतात. खरं तर शेपिंग (म्हणजे असा विलंब किंवा मर्यादा) असलेल्या लिंक कमी करायच्या, किंवा ते काम टोकाच्या मशीनवरच करायचं.

लिनक्सच्या मुकाट मर्यादा

एकाच सपाट सबनेटवर कंटेनर (एका मशीनवर चालणारे छोटे आभासी नोड) वाढवत गेलात तर हजाराच्या आसपास पिंग कधी लागतो, कधी लागत नाही, असं होतं. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये 'नेबर टेबल ओव्हरफ्लो' असं दिसेल. शेजाऱ्यांचे पत्ते लक्षात ठेवण्याचं जे टेबल असतं, त्याच्या तीन मर्यादा मुळात १२८, ५१२ आणि १,०२४ असतात. तिसरी ओलांडली की नवा पत्ता ठेवायला जागा नाही. मर्यादा वाढवता येते, पण माझ्या मते सबनेट तोडणं जास्त बरं, कारण एवढ्या मोठ्या सपाट नेटवर्कमध्ये ब्रॉडकास्टचाच गोंगाट होतो.

तसंच एका प्रोसेसला उघडता येणाऱ्या फाइल बहुधा १,०२४ असतात, आणि प्रत्येक सॉकेट (कनेक्शनचं टोक) म्हणजे एक फाइल. एका मशीनवरून एकाच सर्व्हरच्या एकाच पोर्टकडे खूप कनेक्शन उघडून बंद करत असाल तर तात्पुरते पोर्टही संपतात. ते ३२,७६८ ते ६०,९९९ एवढेच असतात, आणि वापरलेला पोर्ट बंद झाल्यावर साधारण मिनिटभर अडकून राहतो. बिघाड आला की पहिलं काम 'डीमेसेज', म्हणजे कर्नलचा लॉग, वाचायचं. मुलं आधी आपला कोड वाचायला घेतात आणि त्यात दोन रात्री जातात.

सगळे एकाच वेळी सुरू झाले, असं समजणं

अ‍ॅन्सिबल हे अनेक मशीनना आज्ञा देणारं साधन मुळात एका वेळी पाचच मशीनवर काम करतं. साठ नोडवर प्रोग्राम सुरू करायला सांगितला तर तो बारा तुकड्यांत सुरू होतो. पहिल्या तुकडीचा ट्रॅफिक जोरात असताना शेवटची अजून झोपलेली असते. सुरुवातीचा आलेख त्यामुळे छान चढता दिसतो, आणि त्याचा अर्थ भलताच लावला जातो. फोर्क्स, म्हणजे एका वेळच्या मशीनची ही संख्या, वाढवा. त्याहून चांगलं म्हणजे सगळ्यांना आधी तयार ठेवा आणि घड्याळातली एक ठरावीक वेळ द्या, त्या क्षणी सगळे सुरू.

फोर्क्स वाढवताना उलट बाजूही बघा. सगळी कनेक्शन एकाच गेटवे मशीनमधून जात असतील तर तिथल्या एसएसएच सर्व्हरवर लॉगिन पूर्ण न झालेली दहा कनेक्शन झाली की नवी काही कनेक्शन तो आपोआप नाकारायला लागतो. 'कधी हा नोड तुटतो, कधी तो' अशी तक्रार आली की आधी हेच तपासावं.

घड्याळाचंही तेच. एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायच्या नेहमीच्या पद्धतीने) जुळवलेल्या दोन मशीनमध्ये मिलिसेकंदाच्या घरातला फरक राहू शकतो. एकतर्फी विलंब मायक्रोसेकंदात मोजायचा असेल तर त्या आकड्यांना अर्थ नाही. जाऊन-येऊनचा वेळ मोजा, किंवा हार्डवेअर साथ देत असेल तर पीटीपी ही जास्त अचूक पद्धत वापरा.

वेगवेगळी मशीन एका मापाने मोजणं

चार नोड मागितले की बहुधा एकाच जातीचे मिळतात. चाळीस मागताना हार्डवेअर टाइप लिहिला नाही, तर सिस्टिम जे मोकळं असेल ते देते. क्लाउडलॅबच्या यूटा केंद्रावर एआरएम प्रोसेसरची मशीन आहेत, इंटेलचीही आहेत. त्यांच्या मिश्रणावर काढलेली सरासरी काहीच सांगत नाही. टाइप लिहाच, आणि तेवढे नोड मिळणार नसतील तर संख्या कमी करा पण एकजिनसी ठेवा.

लॅपटॉपवर मिनीनेट (एकाच मशीनवर आभासी नेटवर्क उभं करणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, की तिथे सगळे होस्ट एकाच प्रोसेसरवर राबतात. होस्ट वाढले की प्रोसेसर दमतो. एरर येत नाही, नुसता थ्रूपुट (प्रत्यक्ष मिळणारा वेग) घसरतो. वेग मोजणाऱ्या आयपर्फ-३ च्या ३.१६ पूर्वीच्या आवृत्त्या सगळे समांतर प्रवाह एकाच थ्रेडवर चालवतात, तिथेही लिंकऐवजी प्रोसेसरच मोजला जातो. प्रयोग चालू असताना प्रोसेसरचा वापर नोंदवला नसेल, तर त्या थ्रूपुटच्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

हवा सगळ्यांची एकच असते

आपल्याकडे कपाशीच्या वावरातली ओल मोजणाऱ्या सेन्सरचे प्रोजेक्ट दर वर्षी येतात, आणि मोठ्या संख्येवर पडताळायला फिट आयओटी-लॅब चांगलं आहे. पण तिथले नोड इमारतींमध्ये, एकमेकांच्या जवळ लावलेले आहेत. वावरात दोन सेन्सरमध्ये शंभर मीटर अंतर असेल, मध्ये पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली असेल. तिथले शंभर नोड म्हणजे तुमच्या शेतातले शंभर नोड नव्हेत. तिथे मिळतं ते गर्दीचं उत्तर, अंतराचं नाही.

शिवाय एकाच केंद्रावर दुसऱ्या कुणाचा प्रयोग चालू असला आणि दोघांनीही तोच चॅनेल धरला, तर दोघांचे पॅकेट एकमेकांवर आदळतात. २.४ गिगाहर्ट्झच्या ८०२.१५.४ या सेन्सरच्या रेडिओ मानकात ११ ते २६ असे सोळा चॅनेल आहेत. उदाहरणातल्या कोडमधला चॅनेल आणि पॅन-आयडी (नेटवर्कचा ओळख क्रमांक) तसाच ठेवू नका, कारण दुसऱ्यानेही तेच उदाहरण घेतलेलं असू शकतं. प्रयोगाआधी काही वेळ नुसतं ऐका.

लोरावॅन (लांब पल्ल्याचं, कमी वीज खाणारं सेन्सर-रेडिओ) वापरणाऱ्यांनी आणखी एक बघावं. वेळ न ठरवता केव्हाही पाठवायची ही पद्धत अलोहा या जुन्या रेडिओ-पद्धतीच्या जातीची आहे, आणि शुद्ध अलोहात वाहिनीचा उपयोग जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपासच होतो. दहा सेन्सरवर सगळी पॅकेट पोचली म्हणून पाचशेवर पोचतील, हे गृहीतच चुकीचं आहे.

डिस्क, वेळ आणि आपली वीज

गिगाबिटची लिंक पूर्ण भरलेली असताना पूर्ण पॅकेट टिपत बसलात तर सेकंदाला १२५ मेगाबाइट लिहिले जातात. १६ जीबीचं रूट पार्टिशन दोन मिनिटांत भरेल. फक्त हेडर टिपा, शंभर-सव्वाशे बाइट पुरतात. नोंदी प्रोजेक्टच्या सामायिक फोल्डरमध्ये थेट लिहू नका. ते नेटवर्कवरचं असतं, चाळीस नोड एकदम लिहायला लागले की तुमचाही वेग मरतो आणि शेजाऱ्याचाही. स्थानिक डिस्कवर लिहा, शेवटी एकत्र करा. विश्लेषणही तिथेच करून फक्त निकाल खाली उतरवा. तालुक्याच्या इंटरनेटवर ४० जीबीची फाइल ओढत बसण्यात शहाणपण नाही.

सॉफ्टवेअरही प्रत्येक नोडवर वेगळं उतरवू नका. एका नोडवर सगळं बसवून त्याची इमेज (डिस्कची पूर्ण नक्कल) काढा आणि तीच सगळ्यांना द्या.

क्लाउडलॅबवर प्रयोगाची मूळ मुदत १६ तासांची असते. रात्री आठला सुरू केलेला प्रयोग दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला संपतो, नेमकी तासिका चालू असताना, आणि नोडवरचा डेटा पुसला जातो. मुदतवाढ मागायची तर वेळेत मागा. यूटात दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा किंवा साडेबारा झालेले असतात, म्हणून तिथल्या माणसाचं उत्तर हवं असेल तर एक दिवस हाताशी धरा. मोठ्या संख्येसाठी आधीच रिझर्व्हेशन करा.

आणि लाइट. मृगाच्या पहिल्या वादळात लाइन गेली की वायफाय जातं, एसएसएच तुटतं, आणि लॅपटॉपवरून चालणारी कंट्रोलर स्क्रिप्ट मधेच मरते. चाळीस नोड तिकडे अर्धवट अवस्थेत अडकून राहतात. कंट्रोलर टेस्टबेडवरच्याच एका नोडवर टीमक्समध्ये (लॉगिन तुटलं तरी प्रोग्राम चालू ठेवणाऱ्या साधनात) चालवा. मग इकडे लाइट तीन तास गेली तरी प्रयोग चालू राहतो.

बिघडलंच तर

चाळीसवरून सरळ चारवर परत येऊ नका. वीसवर या, तिथे चाललं तर तीसवर जा. नेमक्या कुठल्या संख्येला मोडतंय हे कळलं की कारण निम्मं सापडतं. १,०२४ च्या जवळ मोडत असेल तर कर्नलची मर्यादा. संख्या कुठलीही असो, ठरावीक वेळानेच मोडत असेल तर डिस्क किंवा मुदत. दर वेळी वेगळ्या ठिकाणी मोडत असेल तर एसएसएच, घड्याळ किंवा कंट्रोल नेटवर्क. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि वाढवत जाताना ४, ८, १६, ३२ असे टप्पे धरा. प्रत्येक टप्प्यावर जुनाच आकडा पुन्हा येतो का ते पाहूनच पुढे सरका.

तरीही सुटलं नाही तर टेस्टबेड चालवणाऱ्यांना लिहा. प्रयोगाचं नाव, नोडची नावं, बिघाडाची वेळ यूटीसीमध्ये, आणि लॉगमधल्या नेमक्या दोन-चार ओळी. 'चालत नाही' एवढंच लिहिलं तर त्यांचा पहिला दिवस तुम्हाला हेच प्रश्न विचारण्यात जातो. आणि उत्तर येईपर्यंत डेटा उतरवून ठेवून, ज्या नोडवर बिघाड दिसतोय ते सोडून बाकीचे परत करा, म्हणजे रांगेत असलेल्या दुसऱ्या कुणाला ते घेता येतील.