ओल्या वालाचं सॅलड, बिनफोडणीचं

फेब्रुवारी अर्धा झाला की आमच्या अलिबाग बाजूला दोन गोष्टी एकदमच होतात, वालाच्या ओल्या शेंगा संपत येतात आणि पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला लटकायला लागतात. दोघांची गाठ पडते ती जेमतेम दोन-तीन आठवडे, तेवढ्यात हे सॅलड करून घ्यायचं. नंतर फ्रोझन दाणे आणून केलंत तरी होतं, नाही असं नाही, पण मग त्यात ती मजा नाही.

मूळ पदार्थ आपला नाही हे आधीच सांगतो, नाहीतर कोणीतरी म्हणेल वालाचं सॅलड कधीपासून. भूमध्य समुद्राच्या काठी एप्रिल-मेमध्ये बाकल्याच्या कोवळ्या शेंगा येतात, तोच तो फावा बीन. रोममध्ये १ मेला लोक डबे घेऊन सहलीला निघतात आणि शेंगेतून कच्चे दाणे काढून पेकोरिनोबरोबर खातात, पेकोरिनो म्हणजे मेंढीच्या दुधाचं खारट चीज, संपली रेसिपी. तुर्की लोक त्याच शेंगा ऑलिव्ह ऑइलमध्ये शिजवतात, वर शेपू आणि बाजूला दही. इजिप्तमध्ये सुकवलेले दाणे मंद आचेवर तासन्‌तास शिजवून फूल मेदामेस करतात, त्यांचा सकाळचा नाश्ता. राजमा, फरसबी ही सगळी मंडळी अमेरिकेतून आलेली, त्याआधी तिकडचा मुख्य बीन म्हणजे हाच. आणि गंमत बघा, तुर्कीत याला बाक्ला म्हणतात आणि हिंदीत बाकला, शब्द अरबी, दोन्हीकडे पोचलेला.

आता बाकला आमच्या बाजारात बघायलाही मिळत नाही. आपला वाल झाड म्हणून वेगळा, पण वागायला बराचसा तसाच, जाड साल, जराशी कडसर चव आणि साल काढली की आत लोण्यासारखा मऊ दाणा. फक्त एक फरक लक्षात ठेवा, रोमवाल्यांची नक्कल करून वाल कच्चा खायचा नाही. वालाच्या दाण्यात सायनाइड सोडणारी ग्लायकोसाइड्स असतात, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिलं की काम होतं, म्हणून यात कुकरचा शॉर्टकट मी घेत नाही. आणि कुठे शहरात खरा बाकला मिळालाच तर घरात कोणाला जीसिक्सपीडीची, म्हणजे लाल पेशींतल्या एका एन्झाइमची, कमतरता आहे का ते आधी विचारा, अशा माणसाच्या लाल पेशी बाकल्याने फुटतात, हॉस्पिटल गाठायची वेळ येऊ शकते. पायथॅगोरस शिष्यांना हा दाणा खाऊ देत नसे म्हणतात, त्याचं कारण हेच होतं का यावर लोक अजून भांडतायत, भांडू देत.

शेंगा घेताना दाबून बघा. दाणा बोटाला टच्च लागला पाहिजे पण साल हिरवी हवी, पिवळी पडून कागदासारखी वाजायला लागली की ती शेंग बिरड्याची, सॅलडची नाही. भात कापल्यावर त्याच शेतात नुसत्या ओलीवर आणि दवावर पोसलेला वाल असतो हा, त्यामुळे एकाच परडीत कोवळं, जून सगळं मिसळलेलं मिळतं. निवडायला बाजारवाल्या मावशी देतात, फक्त सकाळी आठच्या आत जा, नंतर गर्दीत हात घातलात तर ओरडतात. चार माणसांना किलोभर शेंगा घ्या, सोललेले दाणे दोन वाट्यांच्या आसपास निघतील, कमी-जास्त शेंग किती भरलीय त्यावर. शेंगा सोलल्यावर बोटांना चिकट हिरवा वास राहतो, साबणाने जात नाही, खोबरेल चोळून मग धुवा.

आता खरं काम. मोठ्या पातेल्यात दोन-अडीच लिटर पाणी खळखळून उकळा, दोन चमचे मीठ घाला, दाणे टाका आणि बरोबर तीन मिनिटं ठेवा. मग चाळणीवर ओता, पाणी मोरीत, आणि दाणे लगेच गार पाण्यात, असेल तर बर्फ टाका. हा गरम-गार झटका बसला की आतला दाणा सालीपासून सुटतो. आता दाणा हातात घेऊन बघा, एका कडेला पांढरी जाड रेघ दिसेल, शेंगेला चिकटलेला होता ती जागा. त्या रेघेच्या बरोबर समोरच्या कडेला नखाने बारीक चीर द्यायची आणि रेघेच्या बाजूने अंगठ्याने दाबायचं, दाणा सुळकन बाहेर, साल हातात. रेघेच्या बाजूनेच चीर द्यायला गेलात तर तिथे साल सगळ्यात जाड, नख मोडेल आणि दाणा दुभंगेल. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पहिल्या वेळी अर्ध्या दाण्यांचा भुगा केला. आई शेजारी बसून बघत होती, काही बोलली नाही, मग पातेलं स्वतःकडे ओढलं आणि माझे वीस होईपर्यंत तिचे शंभर. तिला भिजवून मोड काढलेल्या वालाच्या डाळिंब्या सोलायची पन्नास वर्षांची सवय, डोळे टीव्हीवर आणि बोटं पातेल्यात. तर घरात असं कोणी असेल तर त्यांना बसवा, नसेल तर अर्धा-पाऊण तास धरून चला. साल ठेवून केलं तर चालेल का असं सगळे विचारतात. उसळीत चालतं हो, सॅलडमध्ये नाही, इथे ना रस्सा आहे ना मसाला, तोंडात नुसती साल फिरत राहते.

सोललेले दाणे पुन्हा नव्या उकळत्या पाण्यात, चिमूटभर मीठ घालून, आणि झाकण अजिबात नाही. कोवळे असतील तर सात-आठ मिनिटं, जून असतील तर बारा-पंधरा. घड्याळापेक्षा बोट बरं, दाणा चिमटीत दाबला की मऊ चेपला पाहिजे पण पिठूळ होऊन फुटायला नको. कच्चट मात्र ठेवू नका, वर सांगितलंय का ते. हे पाणीही ओतून द्या.

झाकणाचं का सांगतो, तर भाजी शिजताना तिच्यातली आंबट आम्लं वाफेबरोबर निघून जातात, झाकण ठेवलं की तीच परत पाण्यात पडतात, आणि आम्लाने हिरवा रंग मरतो. हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि दाणा शेवाळी-खाकी दिसायला लागतो. लिंबाचंही तेच. मी एकदा नागावला बीचवर न्यायचं म्हणून सकाळी सातलाच लिंबू-तेल सगळं घालून डबा भरला, दुपारी उघडला तर भिजवलेल्या गोणपाटाचा रंग. चव ठीक होती पण पोरांनी हातही लावला नाही, शेजारच्या गाडीवरची भेळ खाल्ली. म्हणून लिंबू वाढायच्या पाच मिनिटं आधी, त्याआधी नाही.

तेलाचं थोडं बोलू कारण इथे पैसे वाया जातात. बाटलीवर पोमेस लिहिलेलं असेल तर ते तळणीला ठेवा, काढून झालेल्या चोथ्यातून सॉल्व्हंटने ओढून मग रिफाइन केलेलं तेल असतं ते, त्याला वास नाही की चव नाही. सॅलडला एक्स्ट्रा व्हर्जिनच लागतं, छोटी बाटली घ्या, चमचाभर नुसतं पिऊन बघा, घशात मागे जरा तिखट टोचलं तर माल बरा आहे. नसेलच आणायचं तर घाण्याचं शेंगदाणा तेल घाला, सॅलड छान लागतं, फक्त मग भूमध्य समुद्र म्हणू नका, अरबी समुद्र म्हणा. खोबरेल मात्र नको, मी कोकणातला असून सांगतोय, इथे ते सगळ्यावर बसतं.

चीज. फेटा मिळतो आता मोठ्या दुकानात, महाग असतो, युरोपात फेटा नाव फक्त ग्रीसमधल्या चीजलाच लावता येतं, मेंढीचं दूध आणि त्यात जास्तीत जास्त ३० टक्के शेळीचं. आपल्याकडे पनीरवर भागवायचं. २०० ग्रॅम पनीरचे मोठे तुकडे, दोन कप उकळून गार केलेलं पाणी, त्यात दोन मोठे चमचे मीठ आणि एक चमचा व्हिनेगर, काचेच्या बरणीत रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी पनीर खारट, आंबूस आणि कुस्करणारं होतं, फेटा नाही झाला पण नुसत्या पनीरपेक्षा शंभर पटीने बरा. आदल्या रात्रीच करून ठेवा, ऐन वेळी मीठ भुरभुरून हे होत नाही.

कांदा पांढराच. अलिबागचा पांढरा कांदा गोडसर असतो, डोळ्यांत पाणी काढत नाही, त्याला जीआय मानांकनही, म्हणजे त्या भागाचाच माल असल्याची सरकारी ओळख, मिळालंय, त्यामुळे कुठलाही पांढरा कांदा अलिबागचा म्हणून खपवणारे वाढलेत, माळेत विणलेला बघून घ्या. एक मध्यम कांदा कागदासारखा पातळ चिरायचा. लाल कांदा असेल तर दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवून पिळून घ्या, नाहीतर वालाचा पत्ता लागणार नाही.

जुळवायचं असं. पसरट भांड्याला आतून लसणाची अर्धी पाकळी चोळा आणि पाकळी फेकून द्या, वाटून घालू नका. दाणे कोमट असतानाच त्यात घ्या, तीन मोठे चमचे तेल, अर्धा चमचा मीठ, ताजी मिरपूड, हाताने हलकं वरखाली करा, कोमट दाणा तेल-मीठ पितो, गार झाल्यावर नुसतं वरून चकाकतं. मग कांदा, मूठभर पुदिना हाताने फाडून, दोन-तीन काड्या शेपू बारीक चिरून. शेपू बघून नाक मुरडणारे आमच्याही घरात आहेत, त्यांना सांगू नका, एवढ्याशा शेपूचा वास ओळखू येत नाही, नुसतं ताजं लागतं. वाढायच्या आधी अर्ध्या लिंबाचा रस आणि वरून पनीर कुस्करून. पनीर खारट असतं म्हणून मीठ आधी हात राखून. कोकम आगळ घालून बघायचा मोह मलाही झाला होता, सगळं लालभडक झालं, नका करू. मार्चमधली कोवळी कैरी मात्र लिंबाऐवजी किसून घाला, फार सुंदर.

एक आळशी प्रकार आहे आणि खरं सांगायचं तर मला तोच जास्त आवडतो. आदल्या रात्री पोपटी, शेंगांचं मडकं जाळात ठेवतात ती, लावलेली असेल तर तळाच्या शेंगा उरतातच, मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात वाफवलेल्या, ओवा-मीठ लागलेल्या. त्या शिजलेल्याच असतात, सोलायच्या, साल चिमटीत दाबली की निघते, आणि वरच्यासारखंच तेल, कांदा, पुदिना, लिंबू. मीठ नको, ते आधीच आहे. धुराचा तो वास ऑलिव्ह ऑइलबरोबर काय जमतो, रोमवाल्यांना खिलवायला पाहिजे. कोंबडी त्याच मडक्यात लावली असेल तर मात्र शेंगा सकाळपर्यंत फ्रिजमध्येच ठेवा, बाहेर नको.

सोबत पाव, किंवा तांदळाची गरम भाकरी. उरलं तर दुसऱ्या दिवशी रंग गेलेला असतो, तेव्हा सरळ काट्याने चेचून भाकरीवर फासायचं, रंगाचा प्रश्नच मिटतो.

चौलहून आत्या आली होती तेव्हा तिच्यापुढे ठेवलं. तिने वाटी फिरवून बघितली आणि म्हणाली, "मेल्या, फोडणी नाही, खोबरं नाही, गूळ नाही, मग वालाचं केलंस काय?" मी म्हटलं खाऊन तर बघ. तिने दोन घास खाल्ले, "सोललंयस मात्र चांगलं" म्हणाली, ते आईने सोललं होतं. मग वाटी घेऊन आत गेली आणि पाचच मिनिटांत हिंग-मोहरी तडतडल्याचा आवाज आला.