टॅक्टिकल मेडिसिनच्या प्रशिक्षणाआधीचे चार आठवडे

सोलापुरात पोलीस, अग्निशमन दल, १०८ रुग्णवाहिका किंवा होमगार्ड अशा कुठल्याही कामात असाल आणि टॅक्टिकल मेडिसिनच्या प्रशिक्षणाला तुमचं नाव गेलं असेल, तर चार आठवडे आधी तयारीला लागा. धोका अजून टळलेला नसताना जखमीला कसं वाचवायचं, हे तिथे शिकवतात. वेळ थोडा आणि सराव भरपूर असतो. टूर्निकेटची (रक्त थांबवायला हातापायाला आवळून बांधायच्या साधनाची) पट्टी बकलातून कशी ओवायची हे तिथे जाऊन पहिल्यांदा बघणाऱ्याचा अर्धा दिवस त्यातच जातो, आणि अंधारात, एका हाताने, आरडाओरड्यात ती बांधायचा खरा सराव त्याच्या वाट्याला कमी येतो.

सगळ्यात आधी लस. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायचे असतात, म्हणजे प्रशिक्षणापर्यंत फार तर दोन होतील. तरी सुरुवात आजच करा. रक्ताशी संबंध तुमच्या रोजच्या कामातच येतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही तपासा.

मग क्रम पाठ करा. इंग्रजी अक्षरांवरून त्याला ‘मार्च’ म्हणतात: एम म्हणजे जोराचा रक्तस्राव, ए म्हणजे श्वासमार्ग, आर म्हणजे श्वसन, सी म्हणजे रक्ताभिसरण, एच म्हणजे अंग गार पडणं आणि डोक्याची इजा. नेहमीच्या प्रथमोपचारात श्वासमार्ग आधी शिकलेल्यांची इथे हमखास गडबड होते. मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो, म्हणून रक्त थांबवणं पहिलं. आणि धोका अगदी समोर असेल तर उपचार म्हणून फक्त टूर्निकेट. बाकी सगळं आडोशाला नेल्यावर.

आता टूर्निकेट. तयारीतला निम्मा वेळ यालाच द्या. सरावासाठी वेगळं घ्या आणि त्यावर रंगाची खूण करा. वारंवार ताणलेल्या पट्टीचं वेल्क्रो सैल होतं आणि ती आवळायला फिरवायच्या दांडीवर ताण येतो, त्यामुळे ड्युटीच्या किटमधलं सरावाला काढायचं नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त नकला सरावालाही नकोत. त्यांची दांडी वाकते किंवा ऐन वेळी तुटते.

सोलापुरी चादरीची घट्ट गुंडाळी करून दोरीने बांधा, ही तुमची मांडी. त्यावर पट्टी ओवा, हाताने जितकी ओढता येईल तितकी ओढा, वेल्क्रो चिकटवा, मग दांडी फिरवा, खाचेत अडकवा, वरची छोटी पट्टी लावा, वेळ लिहा. सगळ्यात जास्त चूक होते ती ओढण्यात. पट्टी ढिली राहिली की दांडी कितीही फिरवली तरी नुसता ढिलेपणाच गोळा होतो, धमनी दबत नाही. पट्टीखाली तीन बोटांची टोकं शिरत असतील तर सोडा आणि पुन्हा ओढा. नीट ओढलेली पट्टी दांडीच्या दोन-तीन फेऱ्यांत काम करते.

जखम दिसत असेल तर पट्टी तिच्यापासून धडाच्या बाजूला ५ ते ७ सेंटिमीटरवर बांधा, गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही. जखम नेमकी कुठे ते कळत नसेल आणि धोका समोर असेल तर कपड्यावरूनच, हातापायावर जितकी वर जाईल तितकी वर. त्याआधी खिशातला मोबाइल, किल्ल्या काढा. पट्टीखाली कठीण वस्तू आली की दाब सारखा पडत नाही. रक्त थांबलं आणि पट्टीच्या पुढची, मनगटाची किंवा पावलाची नाडी लागेनाशी झाली म्हणजे पट्टी बसली. एकीने भागलं नाही तर शेजारीच दुसरी. खरी बसलेली पट्टी खूप दुखते, जखमी ओरडतो. तो ओरडतो म्हणून ती सैल करायची नाही.

रोज वीस वेळा बांधा: दहा उजव्या हाताने, दहा डाव्या. शेवटच्या पाच वेळा डोळे मिटून. स्वतःच्या अंगावर करताना फक्त ओढण्यापर्यंत जा; दांडी पूर्ण आवळायची ती प्रशिक्षकासमोरच.

जांघेत, काखेत टूर्निकेट बसत नाही, तिथे जखम भरावी लागते. जुन्या गादीचा १० सेंटिमीटर जाड फोम घ्या, त्यात ५ सेंटिमीटर खोल चीर पाडा आणि रोल गॉझ (जखमेसाठीच्या जाळीदार कापडाची गुंडाळी) बोटाने तळापर्यंत दाबत भरा. वरवर कोंबलेला गॉझ रक्त नुसतं शोषतो. धमनीपर्यंत दाब पोचायला हवा. भरून झाल्यावर दोन्ही हातांनी, कोपर सरळ ठेवून दाबा. रक्त गोठवणारा गॉझ असेल तर निदान ३ मिनिटं, साधा असेल तर जास्त. घड्याळ लावून बघा, ३ मिनिटं किती लांब असतात ते कळतं. मध्येच उचलून बघायची सवय इथेच मोडा.

छातीत कोंडलेली हवा काढायला सुई घालणं तिथे दाखवलं, तरी ज्यांना तशी परवानगी आहे त्यांनीच पुढे ते करायचं.

अंगात ताकद हवी. वाळू भरलेलं ५० किलोचं पोतं चादरीवर ठेवून १५ मीटर ओढा, आठवड्यातून तीनदा. पाठ सरळ, गुडघे वाकलेले. हीच चादर जखमीला ओढायला आणि नंतर गुंडाळायलाही चालते. सोलापूरच्या उन्हात गुंडाळायचं कशाला, असं वाटेल. पण खूप रक्त गेलेला माणूस ४२ अंशांतही गार पडतो, आणि गार अंगात रक्त नीट गोठत नाही. त्याच्या अंगाखालीही काहीतरी घाला, नुसतं वरून पांघरून भागत नाही.

जखमीला पुढच्या पथकाच्या ताब्यात देताना काय सांगायचं ते मोठ्याने म्हणून पाठ करा, ३० सेकंदांच्या आत: “पुरुष, अंदाजे ३० वर्षं. लोखंडी पत्रा लागून उजव्या मांडीला खोल जखम. १०:४२ला टूर्निकेट. शुद्धीवर आहे, मनगटाची नाडी लागते.” आपल्या गावात जखमी मराठीच बोलेल असं नाही. कुठे दुखतंय, हे तेलुगूत ‘एक्कड नोप्पि?’ आणि कन्नडमध्ये ‘एल्लि नोवु?’ एवढं तरी यावं.

एक कागदी सराव जरूर करा. गड्ड्याच्या यात्रेतलं होम मैदान डोळ्यांसमोर आणा आणि नकाशा काढा: आडोसा कुठे, जखमी कुठल्या वाटेने बाहेर, रुग्णवाहिका कुठे थांबेल, गर्दी उलट दिशेने आली तर दुसरी वाट कोणती. असा नकाशा काढून गेलेल्याचे प्रश्न नेमके असतात.

पिशवीत: नायट्राइल हातमोजे पाच जोड (स्वतःच्या मापाचे, घामट हातात तंग मोजा फाटतो), कपडे कापायची बोथट टोकाची कात्री, काळा मार्कर, हेडलॅम्प, गुडघ्यांचे पॅड, जाड फुल पॅन्ट, घोटा झाकणारे बूट, कापला तरी चालेल असा शर्ट. पाणी ४ लिटर आणि ओआरएसची १ लिटरची दोन पाकिटं. प्रत्येक पाकीट पूर्ण १ लिटरमध्ये, अर्ध्या बाटलीत नाही. उन्हाळ्यात वजनदार जॅकेट घालून सराव असेल तर पाणी आदल्या दिवसापासूनच वाढवा. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी उत्तम, दुपारपर्यंत खराब होत नाही.

रक्तदाब, मधुमेह, गुडघ्याचं दुखणं, गरोदरपण असेल तर प्रशिक्षकांना आधी सांगा. खोटं रक्त, किंकाळ्या, फटाक्यांसारखे आवाज तिथे असतात. पूर्वीच्या एखाद्या प्रसंगाने झोप उडत असेल तर तेही सांगा. थांबण्याचा शब्द कोणता, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या.

आदल्या रात्री नखं कापा, अंगठ्या काढा. सकाळी, हत्यार बाळगणाऱ्यांनी ते आणि सगळी काडतुसं जमा करावीत, मग पट्टा, खिसे, बूट, पिशवी दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावीत. जेवणाच्या सुट्टीत कुणी बाहेर जाऊन आला, तर त्याची तपासणी पुन्हा पहिल्यापासून.