जुन्या बाइकचा वायरिंग फॉल्ट: गॅरेजात नव्याने आलेल्यांसाठी

आयटीआय करून कोपरखैरण्याच्या आमच्या गॅरेजात येणारी मुलं इंजिन उघडायला लगेच बसतात, पण वायरिंगचं काम आलं की मागे सरकतात. फॉल्ट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून भीती वाटते. मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं आणि खर्च गिऱ्हाइकाच्या माथी बसतो. याची मला मनापासून चीड आहे. फॉल्ट शोधायचा असतो, आणि शोधणं शिकता येतं.

ऐरोलीहून महापेला रोज जाणाऱ्या एका काकांची जुनी स्प्लेंडर आमच्याकडे आली होती. तक्रार एकच, फ्यूज उडतो. त्याआधी बॅटरी आणि आरआर युनिट (चार्जिंगचा रेग्युलेटर-रेक्टिफायर) दोन्ही बदलून झालं होतं. मी आधी विचारलं, "काका, फ्यूज गेला की काय काय बंद पडतं?"

"हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट. गाडी बंद पडत नाही, हेडलाइटही लागतो."

एवढ्यावरच अर्धं वायरिंग बाजूला काढता आलं. जुन्या स्प्लेंडरचा सीडीआय, म्हणजे प्लगला स्पार्क देणारं युनिट, आणि हेडलाइट इंजिनातल्या मॅग्नेट कॉइलच्या एसी करंटवर चालतात. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट बॅटरीच्या डीसीवर. म्हणजे शॉर्ट, प्लसची वायर कुठेतरी फ्रेमला टेकणं, डीसीच्या बाजूला.

"आणि उडतो कधी?"

"बिल्डिंगच्या पार्किंगमधून वळवून काढताना, बहुतेक वेळा."

आता एकामागून एक फ्यूज जाळत बसायचं नाही. फ्यूज काढून त्याच्या जागी इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब दोन क्लिपांनी जोडायचा. पूर्ण शॉर्ट असला तरी बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जात नाही, त्यामुळे वायर सुरक्षित राहते आणि फॉल्ट मात्र सारखा समोर राहतो. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो. चावी चालू केली, बल्ब मंद. हँडल उजवीकडे, मंदच. डावीकडे पूर्ण वळवलं आणि लख्ख! हेडलाइट उघडून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, मोकळा केला, तर फ्रेमच्या मानेपाशी, जिथे हँडल फिरतं तिथे, चावीनंतरच्या सप्लायची काळी वायर घासून तांबं उघडं पडलं होतं. जुन्या गाडीत मान ही मी सगळ्यात आधी बघतो. प्रत्येक वळणाला वायर तिथे वाकते.

रंगांचं मात्र नीट लक्षात ठेवा. होंडा पद्धतीच्या, म्हणजे स्प्लेंडरसारख्या वायरिंगमध्ये हिरवी अर्थ (बॅटरीच्या मायनसची, फ्रेमला जोडलेली) आणि काळी चावीनंतरचा प्लस. यामाहात काळी म्हणजेच अर्थ, आणि चावीनंतरचा प्लस तपकिरी. यामाहाच्या आरएक्स 100 वर हात बसलेला मुलगा स्प्लेंडरची काळी वायर अर्थ समजून जोडायला गेला, तर फ्यूज गेलाच म्हणून समजा.

मल्टिमीटर घ्याच, साधा डिजिटल पुरतो. उभ्या गाडीची चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू करून रेस दिल्यावर ती साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्हायला हवी. वाढलीच नाही तर चार्जिंगकडे बघा. पंधराच्या वर गेली तर रेग्युलेटरकडे. पण वायर जोडलेली आहे का हे बघताना मीटर जो बीप देतो, त्यावर विसंबू नका. वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी मीटर बीप देतो, आणि हॉर्न दाबला की तीच वायर दम तोडते. म्हणून लोड चालू ठेवून मोजायचं. ब्रेक दाबून धरा आणि बॅटरीचा मायनस व फ्रेम यांच्यात व्होल्टेज बघा. ते जवळपास शून्य हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थिंगचा बोल्ट खोला, घासा, पुन्हा कसा.

आपल्याकडे खाडीचा दमट खारा वारा आणि चार महिने पाऊस. ऐरोली, वाशी, ठाण्यातल्या कोपरीकडच्या गाड्यांचे कपलर (वायरी जोडणारे प्लग) उघडले की पिनांवर हिरवा गंज हमखास दिसतो. वरून धडधाकट दिसणारी वायर आतून काळी पडलेली असते. तेवढा तुकडा कापून नवा घालायचा, नुसती टेप गुंडाळायची नाही.

बॅटरी सोडवताना मायनस आधी. प्लस खोलताना पाना फ्रेमला टेकला तरी मग ठिणगी पडत नाही. आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी कधीच लावू नका, गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी. पुढच्या शॉर्टला फ्यूजऐवजी हार्नेस जळतो, पेट्रोलच्या टाकीखाली.

काकांच्या गाडीत वायर सोल्डर केली, स्लीव्ह चढवली, मानेपाशी थोडी ढील ठेवली आणि बल्ब लावलेला असतानाच हँडल दोन्ही बाजूंना फिरवून बघितलं. त्यानंतरच फ्यूज बसवला.

पैशांचं आधी बोलून घ्या. फॉल्ट शोधायची मजुरी वेगळी, पार्ट लागला तर त्याचे पैसे वेगळे, हे गाडी आत घेतानाच सांगायचं. काकांना पार्ट काहीच लागला नव्हता. मजुरी त्यांनी खळखळ न करता दिली, कारण बल्ब पेटताना त्यांनी स्वतः पाहिला होता.