जॉर्ज राजाचं हाफपेनी: बनावट नाणं ओळखावं कसं, भाव लावावा कसा

अठराव्या शतकातलं ब्रिटिश तांब्याचं हाफपेनी हाती आलं तर ते बनावट असण्याची शक्यता बरीच. १७८७ साली लंडनच्या टांकसाळीने चलनातली हाफपेनी तपासली, तेव्हा राजाच्या नाण्याशी बऱ्यापैकी जुळणारी जेमतेम ८ टक्के निघाली. आज ही खोटी नाणीही जमवली जातात. त्यामुळे खोटं ठरल्यावर ते कुठल्या प्रकारचं, हेही पाहावं लागतं. भाव त्यावर ठरतो.

आधी वजन. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. एका पौंड तांब्यातून ४६ हाफपेनी पाडायची असा नियम होता, म्हणजे नाणं साधारण ९.८६ ग्रॅम, फार्दिंग (पाव पेनी) त्याच्या निम्मं. बनावट बहुधा ५.५ ते ८ ग्रॅममध्ये सापडतं आणि व्यासालाही जरा कमी भरतं, कारण वाचवलेलं तांबं हाच त्या धंद्यातला नफा. अक्षरं ठसठशीत असून वजन ७ ग्रॅम, तर ते बनावटच, शंकेला जागा नाही. चेहराच सपाट झाला असेल तर मात्र ८.५ ग्रॅमवरून निकाल देऊ नये.

झीज पाहताना एक फसगत होते. नाणं वापरातलं वाटावं म्हणून बनावट ठसे मुद्दाम उथळ कोरले जात. खरी झीज उंचवट्यांवर पडते: राजाचा गाल, मागच्या बाजूला बसलेल्या ब्रिटानियाचा (ब्रिटनचं प्रतीक असलेल्या ढालधारी स्त्रीचा) गुडघा. केस गुळगुळीत पण शेजारची अक्षरं टोकदार दिसली, तर ती झीज नव्हे, ठसाच तसा. दहापट भिंग पुरतं.

मग साल. दुसऱ्या जॉर्जचा चेहरा डावीकडे, सालं १७२९ ते १७५४. तिसऱ्याचा उजवीकडे, १७७० ते १७७५; पुढचं हाफपेनी थेट १७९९चं. म्हणजे ब्रिटानियाखाली १७७६, १७७८ किंवा १७८७ असेल तर काटा न काढताही ते बनावट. मागे ब्रिटानियाऐवजी हार्प (तंतुवाद्य) असेल तर ते आयरिश नाणं. तिथे १७७६, १७८१, १७८२ ही सालं खरी आहेत. इथे नवखे हमखास चुकतात.

मजकूर अक्षर-अक्षर वाचा. कायद्याच्या कचाट्यातून सुटायला काहीजण राजाच्या नावाऐवजी ‘जॉर्ज रूल्स’, ‘आल्फ्रेड द ग्रेट’ असं काहीबाही लिहीत. लिहिता-वाचता न येणारं गिऱ्हाईक चित्र पाहूनच नाणं घेई. यातले दुर्मीळ मजकूर साध्या नकलेपेक्षा चांगला भाव खातात.

पृष्ठभागावर बारीक छिद्रं, कडेला कानशीने घासलेली रेघ, गुळगुळीत अक्षरं असतील तर नाणं ओतीव, म्हणजे ठशाने न पाडता साच्यात ओतलेलं. ते त्या काळचंही असू शकतं, कालपरवाचंही. धातूबद्दल शंका असेल तर काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं दोऱ्याने बुडवा. तळाला टेकू देऊ नका. कोरडं वजन ७.१२ आणि बुडवल्यावरचा आकडा ०.८० असेल तर भागाकार ८.९, म्हणजे तांबं. ८.५च्या आसपास आला तर पितळ. चिकटलेले हवेचे बुडबुडे आकडा बिघडवतात.

चिंच, लिंबू, ब्रासो यांपासून नाणं लांब ठेवा. मातीसाठी डिस्टिल्ड वॉटर, तेलकटपणासाठी ॲसिटोन. घासून चकाकवलेल्या नाण्याला जाणकार निम्माही भाव देत नाहीत.

भाव पाहताना लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती बघा. विक्रेत्याने मागितलेली किंमत म्हणजे नुसती इच्छा. झिजलेली साधी नक्कल ब्रिटनमध्ये काही पौंडांतच मिळते. खरा फरक पडतो तो न्यूयॉर्कजवळच्या न्यूबर्गमध्ये मॅचिन्स मिल्स या टांकसाळीने पाडलेल्या नकलांमुळे. अमेरिकी संग्राहक त्यांना बरेच जास्त मोजतात. १७८७ आणि १७८८ ही त्यांची नेहमीची सालं. ब्रिटानियाच्या ढालीवरच्या क्रुसांना उठावदार किनार नसते आणि कडेचे दाते त्रिकोणी असतात, त्यावरून ती ओळखतात. नुसत्या सालावर पैसे टाकू नका, त्याच सालाच्या इंग्लंडमधल्या नकलाही असतात.

आपल्याकडे राम-सीता किंवा हनुमान आणि १८१८ साल असलेली ‘ईस्ट इंडिया कंपनीची’ नाणी लाखोंची म्हणून सांगतात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ती सरळ परत करा.

आणि लंडनचा भाव पाहून हुरळू नका: १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला भारताबाहेर पाठवता येत नाही. इथला भाव इथल्या गिऱ्हाइकावरच ठरतो.