वेगवान वळण घ्यायचं कसं: ब्रेक लवकर, पण हलका

हेअरपिन (गाडी जवळजवळ उलट फिरवणारं वळण) जमते, दुसऱ्या गिअरची वळणं जमतात, पण ताशी १२० किमीच्या वेगाने घ्यायचं वळण समोर आलं की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो. ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेसिंग ट्रॅकवर चालवायच्या दिवसाला, येणाऱ्या बहुतेक हौशी चालकांची गाडी इथेच अडते. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘घाबरू नकोस, पाय दाबून ठेव.’ हा सल्ला ऐकू नका. ती भीती बरोबर आहे, कारण गाडी त्या क्षणी खरंच अस्थिर असते, आणि बहुतेक वेळा ती आपणच तशी करून ठेवलेली असते. गाडी शांत ठेवता आली की पाय उचलायची गरजही कमी होत जाते. ते कसं करायचं, तेवढंच इथे सांगतो. साधी रस्त्यावरची गाडी, साधे रस्त्यावरचे टायर आणि कोरडा ट्रॅक धरून चालू.

आधी थोडं गणित

वळणात गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० मीटर त्रिज्येचं वळण १०० किमीच्या वेगाने घेतलं तर टायरना सुमारे ०.७९ जी (१ जी म्हणजे गाडीच्या वजनाइतका जोर) सोसावे लागतात. ११० ला ते ०.९५ होतात आणि १२० ला १.१३. चांगला रस्त्यावरचा टायर गरम झाल्यावर १ जीच्या आसपास तग धरतो. म्हणजे ‘आरामात जमलं’ आणि ‘अशक्य’ यांच्यात फक्त वीस किलोमीटरचं अंतर आहे. म्हणून वेगवान वळणात वेग वाढवायचा तो दोन-तीन किलोमीटरने. ‘या लॅपला (ट्रॅकच्या फेरीला) दहाने वाढवून बघू’ हा विचार हेअरपिनमध्ये फार तर हसं करेल, इथे गाडी कठड्यावर जाईल.

दुसरा आकडा लाइनचा, म्हणजे वळणातून गाडी कुठल्या मार्गाने न्यायची त्याचा. समजा वळण काटकोनी आहे, मध्यरेषेची त्रिज्या १०० मीटर आहे आणि वापरता येण्याजोगी रुंदी १० मीटर. मध्यरेषा धरून गेलात तर ०.९ जीमध्ये १०७चा वेग निघतो. बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर अशी पूर्ण रुंदी वापरली की तुमच्या मार्गाची त्रिज्या जवळजवळ १२९ मीटर होते आणि त्याच ग्रिपमध्ये वेग १२१ होतो. चौदा किलोमीटर फुकट मिळाले, धाडसाचा एक थेंबही न सांडता. म्हणून धाडस वाढवण्याआधी लाइन सुधारा.

टीव्हीवरच्या शर्यती बघून काही शिकायला गेलात तर फसाल. जपानच्या सुझुका सर्किटवर १३०आर नावाचं प्रसिद्ध वळण आहे. नाव त्याच्या १३० मीटर त्रिज्येवरून पडलं. २००३ मध्ये ते बदलून ८५ आणि ३४० मीटर त्रिज्येचे दोन कंस जोडले गेले. फॉर्म्युला वनच्या गाड्या तिथून ३०० च्या घरातल्या वेगाने जातात, कारण हवा त्यांना जमिनीवर दाबून धरते. १३० मीटर त्रिज्येवर १ जीचा टायर जेमतेम १२८ किमीचा वेग देतो. तुमच्या-माझ्या गाडीला वेगात हवा दाबत नाही. उलट बहुतेक साध्या गाड्यांना ती किंचित वरच उचलते.

निघण्यापूर्वी

सीट अशी लावा की खांदे सीटच्या पाठीला टेकलेले असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर ठेवता यावं. डावा पाय फूटरेस्टवर घट्ट रोवा. शरीर पायाने आणि सीटने तोलायचं. स्टीअरिंगला लटकून तोल सांभाळणाऱ्याला टायर काय सांगतोय ते कळत नाही.

ब्रेक फ्लुइड ताजं हवं. नव्या डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा एक मानक प्रकार) फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषलेल्या फ्लुइडसाठी तेच मानक १५५ अंशांवर येतं. ट्रॅकवर हा फरक पेडल मऊ पडल्यावर समजतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. टायरचा दाब थंड असताना कंपनीने सांगितलेला ठेवा, सेशन (ट्रॅकवरची एक पाळी) संपताच पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबायच्या जागेत) गरम दाब मोजा आणि लिहून ठेवा. ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) चालू राहू द्या. ते बंद करून मर्दुमकी दाखवणारे बरेच असतात. त्यातले काही जण दुपारी गाडी ट्रकवर चढवून घरी नेतात.

एकच वळण निवडा

सगळा ट्रॅक एकाच वेळी सुधारायला जाऊ नका. एक वेगवान वळण निवडा: ज्याच्या बाहेर भरपूर रन-ऑफ (ट्रॅक सुटला तर गाडी थांबायला मोकळी जागा) आहे आणि ज्याचा शेवट आत शिरतानाच दिसतो. चढावापलीकडचं, आंधळं किंवा भिंतीला लागून असलेलं वळण पहिल्या दिवसाला नको. प्रशिक्षक मिळत असेल तर शेजारी बसवा.

पहिल्या सावकाश लॅपमध्ये खुणा हेरा: ब्रेक कुठे, वळायला सुरुवात कुठे, ॲपेक्स (गाडी वळणाच्या आतल्या कडेला सगळ्यात जवळ येते तो बिंदू) कुठे, बाहेर कुठे पोचायचं. खूण हलणारी नसावी. अंतराची पाटी, कर्बचा (ट्रॅकच्या कडेच्या रंगीत पट्टीचा) रंग संपतो ती जागा, डांबराचा जोड चालेल. सावली किंवा उभी केलेली गाडी चालणार नाही, कारण दोन्ही दुपारपर्यंत जागा बदलतात.

ॲपेक्सबद्दल एक सुधारणा. ‘ॲपेक्स उशिरा घ्या’ हे हेअरपिनसाठी खरं आहे, कारण तिथून बाहेर पडताना इंजिन जोरात ओढू शकतं. वेग दुप्पट झाला की त्याच ताकदीत प्रवेग निम्मा मिळतो, वर हवेचा अडथळा वेगळाच. वेगवान वळणात बाहेर पडताना फारसं काही कमवता येत नाही. हातात असलेला वेग टिकवणं महत्त्वाचं. म्हणून इथे ॲपेक्स वळणाच्या मध्याच्या जरासाच पुढे असतो. तरीही नव्या ट्रॅकवर सुरुवात थोड्या उशिराच्या ॲपेक्सनेच करा. तशी चूक झाली तर बाहेर जागा उरते. लवकरचा ॲपेक्स घेतलात तर जागा संपते.

ब्रेक: खरी मेख इथे आहे

सरळ पट्ट्यावर वेग १७० आहे आणि वळणात १२० ने शिरायचंय. हौशी चालक शेवटच्या क्षणापर्यंत थांबतो आणि मग पेडलवर उभा राहतो. नाक खाली जातं, मागची चाकं हलकी होतात, डोळे मोठे होतात, आणि गाडी १२० ऐवजी ११० वर येते. मग तो ब्रेक झटक्यात सोडतो, नाक वर उसळतं आणि नेमक्या त्याच वेळी स्टीअरिंग फिरवतो. ज्या पुढच्या टायरांनी गाडी वळवायची, त्यांच्यावरचं वजन त्याच क्षणी उडालेलं असतं.

आता हिशेब बघा. १७० वरून १२० वर यायला ०.९ जीच्या कडक ब्रेकने ६३ मीटर लागतात, ०.६ जीच्या हलक्या ब्रेकने ९५. म्हणजे ब्रेक ३२ मीटर आधी लावायचा. त्यात किती वेळ जातो? सेकंदाचा साधारण दहावा भाग. उलट वर सांगितलेल्या काटकोनी वळणात १२१ ऐवजी १११ ने गेलात तर अर्धा सेकंद वळणातच गेला आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर तो कमी वेग शेवटपर्यंत सोबत येतो. उशिरा ब्रेक लावून दहावा भाग वाचवायचा आणि अर्धा सेकंद उधळायचा, हा सौदा जवळजवळ प्रत्येक नवखा दिवसभर करत असतो.

म्हणून ब्रेक आधी लावा, पेडल निम्म्या-पाऊण ताकदीने दाबा आणि सगळं लक्ष तो सोडण्यावर ठेवा. पेडल हळूहळू वर येऊ द्या, म्हणजे नाकही हळूहळू वर येईल. सुरुवातीला ब्रेक वळण्याआधी पूर्ण सोडा. हे सवयीचं झालं की शेवटचा हलका दाब वळायला सुरुवात झाल्यानंतरही थोडा रेंगाळू द्या. यालाच ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. टायरची पकड ब्रेक आणि वळण यांच्यात वाटली जाते, पण ही वाटणी सरळ वजाबाकीची नाही. निम्मी पकड ब्रेकला दिली तरी वळायला सुमारे ८७ टक्के उरते. ९० टक्के ब्रेकला दिली तर मात्र ४४ टक्केच. हलका ब्रेक घेऊन वळता येतं, कडक ब्रेक घेऊन नाही, याचं कारण हेच.

हात, पाय, डोळे

हात नऊ आणि तीनवर. स्टीअरिंग एकदाच आणि सावकाश फिरवायचं, मग तो कोन धरून ठेवायचा. वळणाच्या मध्ये तुम्ही दोन-तीनदा दुरुस्त्या करत असाल तर बहुधा वळायला लवकर सुरुवात केली आहे किंवा नजर जवळ आहे.

स्टीअरिंग स्थिर झालं की ॲक्सिलरेटर हलका द्या. वेग वाढवायला नाही, टिकवायला. वळणारे टायर स्वतःच गाडीला मागे ओढत असतात, त्यामुळे पेडल नुसतं सोडून ठेवलं तरी वेग पडतो आणि वजन पुढे सरकतं. यातूनच वेगवान वळणातला सगळ्यात वाईट अपघात घडतो: मध्येच घाबरून पाय उचलायचा, मागची चाकं हलकी व्हायची आणि गाडीचा मागचा भाग बाहेर निघायचा. आत शिरल्यावर वेग जास्त वाटला तरी पाय झटकन उचलू नका. थोडा, हळू कमी करा. मुळात वेग जास्त वाटावा अशी वेळच येऊ नये, म्हणून तर ब्रेक आधी लावायचा.

नजर नेहमी एक खूण पुढे. वळायला सुरुवात करताना ॲपेक्स दिसला पाहिजे, ॲपेक्सला पोचण्याआधी डोळे बाहेरच्या कर्बवर गेले पाहिजेत. १२० च्या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. बॉनेटसमोरचा रस्ता बघून काहीच करता येत नाही.

वेग कधी वाढवायचा

बाहेर पडताना गाडी कर्बपर्यंत आपोआप जाते की तुम्ही तिला मुद्दाम नेता, हे प्रामाणिकपणे बघा. दोन मीटर जागा उरत असेल तर वेगाला वाव आहे. सलग तीन-चार लॅप एकसारखे गेले की मगच दोन-तीन किलोमीटर वाढवा. तेही ब्रेकची खूण पुढे सरकवून नाही, तर त्याच खुणेवर पेडल किंचित कमी दाबून. जीपीएसवर चालणारा साधा लॅप टाइमर असेल तर लॅपची वेळ बघू नका, त्या एका वळणातला किमान वेग बघा. लॅपची वेळ ट्रॅफिकवर, पिवळ्या झेंड्यावर (पुढे धोका असल्याची खूण), कुणाला पुढे जाऊ दिलं त्यावर ठरते.

बिघडलं तर

पुढची चाकं घसरू लागली, गाडी वळेना, तर स्टीअरिंग आणखी फिरवू नका. किंचित सरळ करा, ॲक्सिलरेटर हळू कमी करा आणि पकड परत येऊ द्या. मागचा भाग सुटला तर जायचंय तिकडे बघा, स्टीअरिंग तिकडे वळवा, ब्रेकला हात (म्हणजे पाय) लावू नका. गाडी फिरतेच आहे असं दिसलं तर मात्र क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा, ऑटोमॅटिकमध्ये फक्त ब्रेक. थांबेपर्यंत सोडू नका. थांबल्यावर आसपास गाड्या धावत असतील, तेव्हा मार्शल (ट्रॅकवरचे सुरक्षा कर्मचारी) सांगेपर्यंत आतच बसून राहा.

बाहेर पडताना दोन चाकं मातीत गेली तर हा नियम पाठच करा: झटक्याने परत ओढायचं नाही. पुढचं चाक डांबरावर चढताच अचानक पकड घेतं आणि गाडी ट्रॅक ओलांडून दुसऱ्या बाजूला फेकली जाते. स्टीअरिंग जवळजवळ सरळ ठेवा, वेग ओसरू द्या, मग हळूच आत या.

सेशन संपल्यावर

शेवटचा लॅप ब्रेक न वापरता सावकाश घ्या. पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा. मग टायर बघा. पुढच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर रबर घासून खाली टायरच्या बाजूच्या भिंतीपर्यंत गेलं असेल तर दाब कमी आहे, किंवा तुम्ही पुढची चाकं घसरत असतानाही स्टीअरिंग फिरवत राहताय. आधी दाब तपासा. तो बरोबर निघाला तर पुढच्या सेशनला वेग वाढवू नका. त्याच वळणात स्टीअरिंगचा कोन कमी करून बघा.